सातवा गठ्ठा

ऑफिसात वाया काय जाते, असे विचारले की आपण पटकन म्हणतो, कागद. कागद जातोच हो. पण तो कागद हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा दिवस त्याहून जास्त वाया जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

आपल्याकडे या विषयावर काम झालेच नाही असे मात्र नाही. सरकारी नोकरी केलेल्या घरांमध्ये 'लखिना पॅटर्न' हा शब्द ओळखीचा असेल. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी टेबलावरच्या ढिगाचे सहा गठ्ठे करायला लावले: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, अभिलेख कक्षात पाठवायचे, स्थायी आदेश आणि नष्ट करायचे. साधी गोष्ट वाटते ना? पण कारकुनाचा निम्मा वेळ फाइल शोधण्यात जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातली गंमत कळेल. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ड' वर्गाचा वर्षभरात संपवायचा. फेकायचे काय हे ठरले नसले की माणूस सगळेच ठेवतो. (आमच्या घरातल्या माळ्यावरही हाच नियम लागू आहे, पण तो विषय नको!)

पुढे 2017 च्या सुमारास पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम चालवली. तिचाही पाया हाच, आधी गठ्ठे लावा आणि मग रोजचे काम रोज संपवा.

हे सगळे चांगलेच. माझी तक्रार एवढीच की यात कार्यालय आपल्या बाजूने मोजते. फाइल किती दिवस पडून राहिली ते कळते, पण माणूस किती वेळा आला ते कळत नाही. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले, त्यात वाट पाहणे हा स्वतंत्र प्रकार आहे. आपल्याकडे वाट पाहणे हा नागरिकाचा स्वभावच धरला जातो.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला शेतकरी घ्या. सोयाबीन सोंगणीचे दिवस. सकाळची एसटी धरून तालुक्याला यायचे, साहेब मीटिंगला गेलेले, मग 'उद्या या'. त्याचे तिकीट गेले आणि दिवसाची मजुरी गेली. शेतात मजूर लावून आला असेल तर तिकडे त्यांच्यावर लक्ष ठेवायलाही कोणी नाही. असाच एक ओळखीचा शेतकरी मला म्हणाला, "भाऊ, कागद त कॉम्प्युटरवर आला, पन मले काहून चकरा माराव लागते?"

प्रश्न बरोबर आहे. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून मिळतो, पंधरा रुपयांत. तरी एका बँकेने (नाव घेत नाही) आमच्या एका नातेवाइकाकडून त्यावर पुन्हा तलाठ्याचा शिक्का मागितला. का, तर 'आमच्याकडे असेच चालते'. 2015 मध्ये राज्य सरकारने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्र आणि साक्षांकित प्रती बंद करून स्वघोषणापत्र चालेल असे ठरवले. तरी झेरॉक्सच्या दुकानासमोरची गर्दी बघा. नवी पद्धत येते, पण जुनी काढून टाकायचे काम कोणाच्याच नावावर नसते. म्हणून दोन्ही चालतात, आणि दोन्हींचा खर्च एकाच माणसाच्या खिशातून जातो.

कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण कितीतरी ठिकाणी एका माणसाकडे दोघा-तिघांचा कारभार असतो. त्याने एक जादा कागद मागितला तर तो बहुधा स्वतःचा बचाव म्हणून. उद्या चौकशी झाली तर कागद कमी का घेतला असे विचारतील, जास्त का घेतला असे कोणी विचारत नाही. हे बदलायचे तर वरूनच विचारावे लागेल.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात एक चौकोन छापावा: 'अर्जदार कितव्या वेळी आला'. तो आकडा कारकुनाने नाही, अर्जदाराने भरायचा. महिन्याच्या आढावा बैठकीत ज्या अर्जांवर तीनच्या वर आकडा असेल त्यांचा वेगळा, सातवा गठ्ठा साहेबांसमोर ठेवायचा.

सरकारी नोकरीतल्या वाचकांनी (काका, तुम्हीसुद्धा!) सांगावे, हा चौकोन छापायला नेमकी अडचण कोणती?