विश्लेषण : जास्त दराचा कंत्राटदार कधी परवडतो?

नवी दिल्ली : घराच्या दुरुस्तीसाठी तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागविली, तर एकाच कामाच्या रकमांत मोठी तफावत दिसते. काही कुटुंबे सर्वांत कमी रक्कम स्वीकारतात; काही जण महाग तेच चांगले, असे मानतात. प्रत्यक्षात जादा पैसे कोणत्या कामासाठी आणि कोणत्या लेखी हमीवर दिले, यावरच ते सार्थकी लागणार की वाया जाणार, हे ठरते.

दरातील सगळाच फरक दर्जाचा नसतो. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या साहित्यासह कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५ लाखांच्या कामावर ९० हजार रुपये. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा पुरवठादाराला बहुतेक राज्यांत नोंदणी बंधनकारक नाही. त्यामुळे तुलनेपूर्वी दर करासह आहे की कराविना, हे पाहणे आवश्यक ठरते.

जादा दराचे खरे मोल झाकल्या जाणाऱ्या कामांत असते. फरशीखालील जलरोधन, भिंतीतील नळ आणि वायरिंग यांतील चूक पुढे फोडकाम केल्याशिवाय दुरुस्त होत नाही. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटचे किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. स्वस्त दरात अनेकदा हेच दिवस आणि देखरेख कमी केली जाते. याउलट रंगकाम किंवा कपाटे डोळ्यांसमोर तपासता येतात. तेथे मध्यम दराचा अनुभवी कारागीरही पुरेसा ठरतो.

इमारतीच्या सांगाड्याला हात लागत असेल, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. मुंबईतील घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर तेव्हा नूतनीकरण सुरू होते. भिंत किंवा खांबाला धक्का लावण्यापूर्वी कंत्राटदाराचा शब्द नव्हे, तर स्ट्रक्चरल अभियंत्याचा लेखी अभिप्राय हवा.

कायद्याचे संरक्षणही येथे मर्यादित आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात विकासकावर असलेली पाच वर्षांची दोषदायित्वाची जबाबदारी घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क लागत नाही. मात्र, करार, पावती आणि बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद नसल्यास काय ठरले होते, हे सिद्ध करणे कठीण होते. कर वाचविण्यासाठी रोखीने आणि बिलाविना केलेला व्यवहार अशा वेळी महागात पडतो.

त्यामुळे दरपत्रकात साहित्याचा प्रकार, मोजमाप, मुदत आणि दुरुस्तीची हमी बाबनिहाय मागणे हिताचे आहे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि फरशी बसविण्यापूर्वी जलरोधनावर पाणी साठवून चाचणी घ्यावी. या अटी लेखी मान्य करणाऱ्याला अधिक दर देणे व्यवहार्य ठरते. त्या नाकारणारा कंत्राटदार स्वस्त असो वा महाग, त्याच्या कामाची जोखीम अखेर घरमालकावरच येते.