सच्चर अहवाल केरळात कपाटात का पडून राहिला नाही?

“सर, यंदा स्कॉलरशिपचा फॉर्म निघाला का?” जून उजाडला की पालक हमखास विचारतात. पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही गेली. तेव्हापासून पालकांना काय सांगावं, हा प्रश्नच असतो. अशा वेळी केरळच्या एका कम्युनिस्ट मंत्र्याची कारकीर्द समजून घेण्यासारखी आहे. त्यांचं नाव पालोली मोहम्मद कुट्टी.

१९३१ साली जन्मलेले पालोली मलप्पुरमचे. हा जिल्हा म्हणजे मुस्लिम लीगचा बालेकिल्ला. तिथे शेतकरी चळवळीत काम करत ते माकपचे नेते झाले. १९६७ मध्ये पेरिंतलमण्णातून आमदार झाले, पुढे १९९६ आणि २००६ मध्ये पोन्नानीतून निवडून आले. मधल्या काळात डाव्या आघाडीचे निमंत्रकही होते. भाषणबाजीपेक्षा खातं चालवण्यात त्यांचा जास्त वेळ गेला.

नायनार सरकारात (१९९६-२००१) त्यांच्याकडे स्थानिक स्वराज्य खातं होतं. याच काळात केरळने ‘लोकयोजना’ मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा पंचायती व नगरपालिकांकडे दिला. गावचा रस्ता, विहीर, शाळेची खोली यांचा निर्णय ग्रामसभेत होऊ लागला. महिलांची ‘कुटुंबश्री’ योजना १९९८ मध्ये सुरू झाली, तीही मलप्पुरममधूनच. पैसा खालपर्यंत कसा पोहोचवायचा, याची तालीम पालोलींना इथे मिळाली. पुढे ती कामी आली.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. देशभर परिसंवाद झाले, मोर्चे निघाले. केरळात अच्युतानंदन सरकारने २००७ मध्ये पालोलींच्या अध्यक्षतेखाली ११ जणांची समिती नेमली. केरळचे मुसलमान इतर राज्यांपेक्षा पुढे आहेत, मग वेगळी समिती कशाला, असं कुणीही म्हणू शकलं असतं. पण खरी तुलना आपल्याच राज्यातल्या शेजाऱ्याशी करायची असते. उच्च शिक्षणात आणि सरकारी नोकरीत तिथेही मुस्लिम मागेच होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये समितीने अहवाल दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासन आदेश निघाला. कॉलेजात शिकणाऱ्या ५,००० मुस्लिम मुलींना शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी मदत, स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी केंद्रं, मदरसा शिक्षकांसाठी कल्याण निधी अशी ही कामं होती. आयुष्यभर वर्गाची भाषा बोललेल्या नेत्याने समाजाचं मागासलेपण दयेचा किंवा मतपेटीचा विषय न करता प्रशासनाचं काम म्हणून हाताळलं. हे त्यांचं मोठं योगदान.

पण कहाणी इथे संपत नाही, आणि चूक झाकण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०११ च्या आदेशाने या योजनांत २० टक्के वाटा लॅटिन कॅथलिक व धर्मांतरित ख्रिश्चनांना दिला गेला. योजना मुळात सच्चरच्या आधारावर मुस्लिमांसाठी होती, आता ती ‘अल्पसंख्याकांची’ दिसू लागली. मग ८०:२० कशासाठी, असा सवाल उभा राहिला. २८ मे २०२१ रोजी केरळ उच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले आणि अल्पसंख्याकांत लोकसंख्येच्या प्रमाणात लाभ द्या असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेनुसार केरळात मुस्लिम सुमारे २६.६ टक्के तर ख्रिश्चन १८.४ टक्के. राज्य सरकारने तोच निकष धरून नवी विभागणी ठरवली. मागासलेपणावर उभी असलेली योजना अशी डोकी मोजण्यावर आली, आणि दोन अल्पसंख्याक समाजांत कटुता आली ती वेगळीच.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्राने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल यायला २०१३ उजाडलं. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं चालू ठेवलं. तरीही नव्या सरकारने कायदा केला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. केरळात समिती ते आदेश हे अंतर वर्षभराच्या आत कापलं गेलं. आपल्याकडे नुसता अहवाल यायलाच पाच वर्षं गेली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. अहवाल आला की त्याच वर्षी खातं, निधी आणि अंमलबजावणीची जबाबदारी मागून घ्यावी लागते, नाहीतर तो कपाटात जातो. आणि नुसत्या शासन आदेशावर विसंबून चालत नाही. मागासलेपणाचे आकडे आणि योजनेचा हेतू कायद्यात स्पष्ट लिहिलेला हवा, म्हणजे ती कोर्टात टिकते.

निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येतात, टोपी घालतात, इफ्तारला बसतात. यापुढे त्यांना एवढंच विचारा: साहेब, आमच्या मुलींच्या कॉलेजच्या फीसाठी कोणता कायदा करणार, आणि कोणत्या वर्षीच्या बजेटमध्ये?