एअरबॅग सहा असल्या तरी पट्टा हवाच!

नवी गाडी घेताना हल्ली "एअरबॅग किती आहेत?" हे आवर्जून विचारले जाते. चांगलेच आहे. पण ती गाडी घरी आल्यावर मागच्या सीटवर बसणारे किती जण पट्टा लावतात? "मागे कशाला पट्टा?" हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. हा गैरसमज जीवघेणा आहे.

ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी आदळून क्षणात थांबते, पण आतले तुमचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा हा धक्का खांदा, छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर विभागतो. एअरबॅग त्याच्या मदतीला असते, त्याच्या जागी नव्हे. ती डोळ्याचे पाते लवण्याआधी प्रचंड जोराने फुगते. पट्टा नसलेला माणूस पुढे फेकला जाऊन ती फुगत असतानाच तिच्यावर आदळला, तर तीच इजा करते. मागचा बिनपट्ट्याचा प्रवासी तर पुढच्या माणसावरच जाऊन आदळतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, आधुनिक होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. ते दोघेही दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

एबीएसबद्दलही असाच भ्रम आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणे आणि गाडी वळवता येणे, एवढे ते साधते. पण ताशी ८० किमी वेगात, तुमचा पाय ब्रेकवर जाण्याआधीच, एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. ते अंतर कोणतेही एबीएस परत देत नाही.

शिवाय तुम्ही सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली आहे, इन्सुलिन घेऊन जेवण टाळले आहे किंवा रात्रभर झोपला नाहीत, याची जबाबदारी गाडी घेत नाही. ती तुमचीच. डोळे जड झाले की गाणी मोठी करू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि १५-२० मिनिटे झोपा.

एवढे नक्की पाळा :

• मागच्यांसह सर्वांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कायद्यानेही ते बंधनकारक आहे.
• 'बीप' बंद करायला नुसती क्लिप अडकवू नका.
• मूल मांडीवर नको. वयानुसार चाइल्ड सीटवर, मागे बसवा.
• गरोदर स्त्रियांनीही पट्टा लावावा. खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवर घ्यावा.

एअरबॅगसाठी तुम्ही पैसे मोजलेत. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात. तेवढे द्याच!