स्वस्त दुचाकीची महागडी कागदपत्रे

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधोमध वाळूची चिंचोळी पट्टी, असे देवबागचे स्थान आहे. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता येथे येऊन संपतो. बाजार असो, महाविद्यालय असो वा सरकारी कचेरी, दहा-बारा किलोमीटरवरचे मालवण गाठावेच लागते. एसटीच्या वेळेवर विसंबून राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांना दुचाकीवाचून पर्याय नाही. नवी दुचाकी घ्यायची तर कर्ज आले. पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात थांबतो, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. म्हणूनच कुणाच्या तरी पडवीत बंद पडलेली जुनी मोटारसायकल थोडक्या पैशांत घ्यावी आणि सवडीने दुरुस्त करावी, हा विचार किनाऱ्यावरच्या तरुणांना पटतो. विचार चुकीचा नाही. हिशेब मात्र बहुधा अर्धाच मांडला जातो.

या हिशेबाची पहिली बाजू लोखंडाची. खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी आतून झिजते. सायलेन्सर, स्पोक, पेट्रोलच्या टाकीचा तळ, वायरिंगचे जोड आणि चेसिसचे वेल्डिंग या जागा गंज आधी धरतो. इंजिनाची दुरुस्ती त्या मानाने सोपी. कार्ब्युरेटर असलेल्या शंभर सीसीच्या गाड्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि गावातला मेकॅनिकही त्या उघडू शकतो. क्लचप्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेकशू, पिस्टन-रिंग यांचा खर्च आधी विचारून ठरवता येतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आणि सेन्सर आले. घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याला जुन्या गाडीची ओढ वाटते, ती यामुळेच. घाटमाथ्यावरून येणाऱ्या गाडीबाबत आणखी एक दक्षता हवी. कोल्हापूर-सांगलीत २०१९ आणि २०२१ साली महापूर आले होते. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन-पुसून चकचकीत करता येते. हेडलाइटच्या आत आणि वायरच्या जोडांत साचलेला गाळ मात्र खरे काय ते सांगतो.

दुसरी बाजू कागदाची, आणि खरी मेख तेथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दुचाकीसाठीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी ते २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, तृतीय पक्ष विमा आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे खर्च वेगळे. एवढे सारे सोसवण्याजोगे आहे. न सोसवणारी गोष्ट म्हणजे विलंब शुल्क. नूतनीकरणास उशीर झाल्यास दुचाकीला दरमहा ३०० रुपये, असा दर केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेने ठरवला. समजा, पंधरा हजारांना घेतलेल्या गाडीची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली आहे. तर छत्तीस महिन्यांचे १०,८०० रुपये होतात. गाडी रस्त्यावर धावली की पडवीत पडून होती, याचा या आकड्याशी संबंध नाही.

लोखंड आणि कागद यांची गाठ पडते ती चेसिस नंबरपाशी. नूतनीकरणाच्या तपासणीत हा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला जातो. गंजाने अक्षरे खाल्ली असतील, तर उत्तम चालणारी गाडीही अडकून पडते. तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हँडलखालचा तो नंबर पुसून वाचावा, हे बरे.

गोव्याची सीमा जवळ असल्याने तिकडची गाडी घेण्याचा मोहही होतो. परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायचे असेल तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर या तिन्ही गोष्टी अनिवार्य ठरतात. मूळ मालक सापडत नसेल, तर स्वस्तात मिळालेली ती गाडी आयुष्यभर परकीच राहते.

कागदपत्रांचा हा खर्च टाळण्यासाठी अनेकदा गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहू दिली जाते. सर्वाधिक धोका येथे आहे. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावी, असे कायदा सांगतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जाईल. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला गृहस्थ मोकळा झालेला नसतोच. आणि त्या गाडीचा विमाही संपलेला असेल, तर जखमीच्या कुटुंबाला भरपाईसाठी कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न उरतो.

जुनी प्रदूषणकारी वाहने रस्त्यावरून हटावीत, हा सरकारचा हेतू रास्तच आहे. पण गाडीच्या किमतीशी स्पर्धा करणारे विलंब शुल्क गाडी हटवत नाही. ते तिला केवळ नोंदीबाहेर ढकलते. नोंदीबाहेरची गाडी गावातल्या रस्त्यांवर धावतच राहते, फक्त तपासणी आणि विम्याविना. विलंब शुल्काला गाडीच्या वयानुसार कमाल मर्यादा घातली आणि तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची शिबिरे नियमित घेतली, तर यातील कित्येक गाड्या पुन्हा कायद्याच्या कक्षेत येऊ शकतील.

तोवर घेणाऱ्याने करावयाचे एवढेच. इसार देण्याआधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा पाहावा, विलंब शुल्काचा आकडा परिवहन कार्यालयातून काढून घ्यावा आणि तो गाडीच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा. खराब झालेले इंजिन मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. दुसऱ्याच्या नावावर राहिलेली गाडी मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.