स्कॅन म्हणजे निकालपत्र नव्हे

मेंदूतील गाठीचा तुकडा न काढता, केवळ एमआरआयवरून तिचा स्वभाव ओळखता येतो का? काही प्रमाणात येतो. ग्लायोमाची गाठ टी-२ चित्रात एकसारखी पांढरी आणि फ्लेअर चित्रात कडा वगळता काळपट दिसली, तर आयडीएच जनुकात बदल असण्याची, म्हणजे ती तुलनेने सावकाश वाढण्याची शक्यता दाट असते. मात्र अशा अनेक गाठींत ही खूण दिसतच नाही. केमोथेरपी किती लागू पडेल, हे सुचवणारी एमजीएमटी जनुकाची स्थिती स्कॅनवरून ओळखण्यासाठी २०२१ मध्ये जागतिक स्पर्धा झाली. त्यातली विजेती संगणकप्रणालीही नाणेफेकीहून थोडीच सरस ठरली.

तरीही स्कॅनवरून आयुष्याचे महिने वर्तवणाऱ्या प्रणालींचा गाजावाजा वाढतो आहे. असा आकडा गटाचा कल सांगतो, समोरच्या रुग्णाचे भवितव्य नव्हे. यंत्र किंवा रुग्णालय बदलले की अंदाज डळमळू शकतो. बायोप्सीची जागा आणि शस्त्रक्रियेची आखणी ठरवताना ही मदत जरूर घ्यावी. पण केवळ त्या आकड्यावरून उपचार थांबवू नयेत. आणि आकडा सांगण्याआधी, रुग्णाला तो ऐकायचा आहे का, हे डॉक्टरांनी विचारावे.