कोलॅजनचं इंजेक्शन घेण्याआधी हे विचारा

चेहऱ्यावर कोलॅजन वाढवणाऱ्या फिलरमध्ये प्रामुख्याने दोन नावं ऐकू येतात. ‘रेडिएस’मधलं कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट लगेच भराव देतं, साधारण वर्षभर टिकतं. ‘स्कल्प्ट्रा’मधलं पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड काही महिन्यांत हळूहळू परिणाम दाखवतं, दोन-तीन वेळा घ्यावं लागतं, पण दोन वर्षांपर्यंत टिकू शकतं.

माझ्या मते टिकण्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे: बिघडलं तर काय? हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर हायल्युरोनिडेज देऊन विरघळवता येतो. या दोघांना तसा उतारा नाही. म्हणून पहिल्यांदाच घेत असाल तर विरघळणारा बरा.

कोणताही फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पार्लरमध्ये नकोच, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. आणि ऊन कोलॅजन मोडतं. नाशिकच्या उन्हात आधी सनस्क्रीन लावा.