विशेष शिक्षक येईपर्यंत वर्गात काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी सगळ्या राज्यांना बजावले, की दिव्यांग मुलांसाठी लागणाऱ्या विशेष शिक्षकांची पदे आधी जाहीर करा आणि मग ती भरा. हे बजावणे पहिले नव्हते. रजनीश कुमार पांडे यांच्या याच प्रकरणात न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राला प्रमाण जाहीर करायला सांगितले होते आणि केंद्राने पुढे ते जाहीर केले. प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. साडेतीन वर्षांनंतरही अनेक राज्यांत पदेच मंजूर नव्हती. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४,८६० पदांना मान्यता दिली. आकडा मोठा दिसतो, पण हिशेब साधारण केंद्राला एक पद असा आहे.

केंद्र म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. आठ-दहा किंवा पंधरा-वीस शाळांचा तो एक गट असतो. औंधच्या आसपास गोपूज, जायगाव, नांदोशी, खबालवाडी अशी गावे आणि त्यांच्या वाड्यावस्त्या आहेत. काही वस्तीशाळा दोन शिक्षकांच्या. समजा केंद्रात बारा शाळा आहेत आणि विशेष शिक्षिका महिन्याचे चोवीस दिवस फिरतीवर आहेत. बैठका, अहवाल, शिबिरे काही नाही असे धरले तरी एका शाळेच्या वाट्याला महिन्यातून दोन दिवस येतात. उरलेले बावीस दिवस ते मूल वर्गशिक्षकासमोर आणि घरी आईसमोर असते. म्हणून मला त्या दोन दिवसांत बाई मुलाला काय शिकवतात यापेक्षा मागे काय ठेवून जातात, हे जास्त महत्त्वाचे वाटते.

तपासणी शिबिरांत आणि बाह्यरुग्ण विभागात या शिक्षिकांशी माझा बरीच वर्षे संबंध येतो. वैद्यकीय अभ्यासक्रमात या विषयाला मिळणारी पाने मोजकी असतात. त्यामुळे त्यांच्याकडून मी जे शिकलो ते पुस्तकाबाहेरचे आहे.

त्यांची पहिली सूचना अशी, की मुलाला नाव चिकटवण्याआधी आठ दिवस त्याच्याकडे नीट पाहा. 'लक्ष नसते' अशी तक्रार असेल तर कधी नसते ते लिहा. सकाळी की जेवणानंतर, फळ्यावरचे उतरवताना की तोंडी सांगताना? ही नोंद डॉक्टरच्या फार कामाची असते. फळ्यावरचे चुकते आणि तोंडी बरोबर येते, तर आधी डोळे तपासावेत. थंडीत, सर्दीच्या दिवसांत मूल हाकेला ओ देत नाही आणि उन्हाळ्यात देते, तर पडद्यामागे कानात पाणी साचले असण्याची शक्यता मोठी. घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल वर्गात पेंगते, कारण रात्री त्याची झोप होत नाही.

यातला सर्वांत हमखास चुकणारा प्रकार आकडीचा. आकडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हातपाय झाडणारे मूल येते. पण लहान वयात एक प्रकार असा असतो, की मूल वाचता वाचता मध्येच थांबते, पाच-दहा सेकंद शून्यात पाहते आणि पुढे वाचू लागते. पडत नाही, रडत नाही. दिवसात असे डझनभर वेळा झाले तर निम्मा धडा हातून जातो आणि पदरी शिक्षा पडते. दवाखान्यात आम्ही अशा मुलाला कागदाची भिंगरी दोन-तीन मिनिटे सलग जोरात फुंकायला लावतो. आजार असेल तर बहुतेकदा समोरच झटका येतो. मेंदूच्या आलेखाने निदान पक्के होते आणि बहुतेक मुलांना औषधाचा चांगला गुण येतो. दोन-चार मिनिटांच्या तपासणीत एरवी हे डॉक्टरला दिसत नाही. वर्गात पाच तास बसणाऱ्याला दिसते, फक्त त्याला 'खोड' न म्हणता 'खूण' म्हणायला कोणी तरी शिकवलेले हवे.

हे सगळे बाजूला सारूनही वाचनात अडणारी मुले उरतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली. मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी दिसते. आपली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार डोक्यावर बसतो पुढच्या अक्षराच्या, उच्चार मात्र त्याच्या आधी. घ-ध, भ-म, प-ष यांच्यात एका रेषेचा फरक. साधारण मूल हे दुसरीपर्यंत पचवते, अडणारे मूल चौथीतही 'दिवा'चा 'दवि' करते. म्हणून इंग्रजी पुस्तकातले 'बी आणि डी उलटे लिहिणे' हे लक्षण शोधत बसणारा शिक्षक मराठी शाळेत फसतो.

यावर विशेष शिक्षिका जे करतात ते आपल्या आजोबांना ओळखीचे वाटेल. ताटात बारीक वाळू किंवा रवा पसरायचा, बोटाने अक्षर काढायचे, काढताना त्याचा उच्चार मोठ्याने करायचा. डोळा, कान, बोट तिन्ही एकाच वेळी कामाला लावायचे. धुळाक्षरे दुसरे काय होती? फरक इतकाच, की आता रोज एकच अक्षर, आणि ते पक्के झाल्याशिवाय पुढचे नाही. जोडाक्षरे खडूच्या दोन रंगांत लिहायची. बाकी सूचना वाचायला किरकोळ वाटतील. आधी मुलाचे नाव घ्या, त्याने पाहिले की मग बोला. एका वेळी एकच काम सांगा. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ओठ जुळवायलाच तेवढा वेळ लागतो. आणि 'शाब्बास'वर थांबू नका, कशाबद्दल ते सांगा.

औंध-खटाव, आटपाडी, विटा या पट्ट्यात आणखी एक पेच आहे, जो पुण्या-मुंबईच्या निदानकर्त्यांना सहसा सुचत नाही. इथली अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. मूल बालवाडीला तमिळनाडूत, पहिलीला इंग्रजी शाळेत आणि तिसरीला आजीकडे, मराठी शाळेत. माणदेशातल्या मेंढपाळांची मुले वर्षातले काही महिने शाळेतच नसतात. त्यांना वाचता येत नाही ते अक्षमतेमुळे की शिकायलाच न मिळाल्यामुळे? अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतच ही दुसरी शक्यता आधी वगळायला सांगितले आहे. अशा मुलाला सहा महिने नीट शिकवून बघावे. झपाट्याने पुढे गेले तर प्रश्न मिटला. औंधच्या शाळेत शिकलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला गणितात नापास झाले होते. आज ते शाळेत असते तर कोणी तरी हौसेने त्यांनाही एखादे निदान जोडले असते!

निदान पक्के असेल तर मात्र प्रमाणपत्र घ्यायला कचरू नये. २०१८ च्या सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी चाळणी व्हायला हवी. केंद्राच्या त्याच वर्षीच्या सूचनांनी लेखनिक आणि परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मान्य केला आहे. पालक अडतात ते दोन ठिकाणी. सातारला खेटे घालण्यात मजुरी बुडते हे एक. दुसरे, मुलाच्या नावावर शिक्का बसेल आणि थोरलीचे लग्न अडेल ही धास्ती. पहिल्यावर उपाय प्रशासनाकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात, त्या दिवशी विशेष शिक्षिका तिथे हजर राहिल्या तर निम्मे खेटे वाचतील. दुसऱ्या धास्तीवर माझ्याकडे औषध नाही. आईबापांना चार वेळा समोर बसवून बोलणे, एवढेच आम्ही करतो.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बाबतीत या शिक्षिकांचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. आईचा हट्ट असतो, की पोराला नाव लिहिता आले पाहिजे. बाई विचारतात, बटण लावता येते का? आणि शिकवतात उलट्या क्रमाने. नऊ पायऱ्या आईने करायच्या, शेवटची, म्हणजे काजातून डोकावणारे बटण ओढून घेणे, तेवढी मुलाने करायची. ती जमली की शेवटच्या दोन. प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो, त्यामुळे ते वैतागत नाही. याच रीतीने दात घासणे, एसटीचे सुटे पैसे मोजणे, अंघोळ शिकवतात.

आणि मासिक पाळीही. हा विषय वर्तमानपत्रात नको, असे काहींना वाटेल. पण वयात आलेल्या अशा मुलीची आई दवाखान्यात येऊन हलक्या आवाजात विचारते, की डॉक्टर, पिशवी काढून टाकता येईल का? १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली आणि देशभर वादळ उठले. तेव्हाही कारण स्वच्छतेचेच सांगितले होते. आता २०१६ चा कायदा सांगतो, की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येणार नाही. पण त्या आईला कायद्याचे कलम ऐकवून घरी पाठवणे हे उत्तर नव्हे. तिची रोजची अडचण खरी आहे, आणि मुलीवर अत्याचार झाला तर काय, ही भीतीही खरी आहे. पिशवी काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त तो उघडकीला यायची एक वाट बंद होते. हे मी सांगू शकतो. पॅड कसे बदलायचे ते शिकवणे मला येत नाही, ते बाईंना येते. पाळी यायच्या आधी, नऊ-दहाव्या वर्षापासून बाहुलीवर सराव घ्यायचा. चड्डीवर रंगीत दोऱ्याने जागा आखायची. शेवटची पायरी आधी. काही महिने लागतात, काहींना वर्ष, पण बऱ्याच मुली शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे औषधांचे मार्ग आहेत, ते शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी येतात.

हे सगळे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांतले अनेक जण सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून कंत्राटावर राबले आहेत. न्यायालयाने मार्चच्या आदेशात अशा शिक्षकांच्या पात्रतेची छाननी करून त्यांचा विचार करायला सांगितले, हे बरे झाले. शाळासमूहात फिरते शिक्षक ही व्यवस्था न्यायालयाने तात्पुरती म्हणून मान्य केली होती, ती कायमची होऊन बसेल अशी मला शंका आहे. तसेच व्हायचे असेल तर निदान प्रत्येक मुलाची एक वही शाळेत राहू द्या. बाईंनी आज काय सांगितले, वर्गशिक्षकाने पंधरवड्यात काय करून पाहिले, काय जमले, ते तीत लिहावे, आणि मूल दवाखान्यात आले की ती वही आमच्यासमोर यावी. कोऱ्या केसपेपरवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यात आमचा आणि आईचा, दोघांचाही दिवस जातो.